चाळीस लिटरची टाकी

वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. तीस वर्षं मी अच्छाडच्या नाक्याजवळ ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त केले, आणि त्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. डिझेल पेट्रोलसारखं एका काडीने भडकत नाही, ते दाबलं की पेटतं. माझंही तसंच आहे. माझ्या भाऊजींनी मला भरल्या ताटावर दाबलं आणि मी पेटलो. हे वाचून कुणी मला शहाणा म्हणणार नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नाही.

आमचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. वडील भात आणि नागली पिकवायचे. आम्ही समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला तो ताईच्या लग्नात. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला डहाणूला खाडीकाठच्या, होड्या बाळगणाऱ्या घरात दिली. आमचं वऱ्हाड टेम्पोतून उतरत होतं तेव्हा नवरदेव मित्रांना सांगत होते की ही डोंगरातली माणसं, यांनी बादलीत पाय घातला तरी यांना मळमळतं. मी सोळा वर्षांचा होतो. ऐकलं आणि ठेवून दिलं.

भाऊजी पुढे मोठ्या जहाजांवर गेले. तिथे ते इंजिनरूममध्ये तेलपाणी बघायचे. निवृत्त होऊन आले तेव्हा खाडीवरची माणसं त्यांना ‘चीफ’, म्हणजे जहाजाचा मुख्य इंजिनियर, म्हणू लागली आणि त्यांनी कधी कुणाची चूक सुधारली नाही. कुणाचं इंजिन धूर सोडू लागलं की ते लांबूनच हात मागे बांधून निदान सांगायचे. ते बरोबर आलं तर त्यांचं, चुकलं तर इंजिनाचं.

मी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि शिडाची होडी घेतली. मुंबईच्या एका हौशी म्हाताऱ्याची, अठ्ठावीस फुटी, फायबरची, पोटात लहानसं डिझेल इंजिन असलेली. आयुष्यभर कानात इंजिनं वाजली, म्हटलं उरलेली वर्षं वाऱ्यावर जाऊ. घरच्यांना वाटलं याचं डोकं फिरलं. दोन पावसाळे मी ती होडी खाडीत बांधून तिच्यावर शिकलो, आपटलो, परत शिकलो. हसली नाही ती फक्त ताई. तिने विचारलं, “मला नेशील?”

ते विचारण्यामागे चाळीस वर्षं होती. होड्यांच्या घरात सून म्हणून आली, मासळी निवडली, बोंबील वाळत घातले, डहाणू रोडला पाटी घेऊन बसली, पण खाडीच्या तोंडाबाहेर ती एकदाही गेली नव्हती. त्या घरात बायकांना होडीवर नेत नसत. तिचे सासरे सांगायचे की दीवचा किल्ला समुद्रातून बघावा, पाण्यातून उगवल्यासारखा दिसतो. ते तिच्या डोक्यात बसलं होतं. मी तिला शब्द दिला की दीवला समुद्रातून नेईन. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे मी तोच खर्च केला.

आणखी एक सांगायला हवं. त्या खाडीत घरचा कॅन नावाची एक रीत आहे. होडी निघताना डिझेलचा शेवटचा कॅन घरातली बाई स्वतः भरते, त्याच्या तोंडाला आपल्या जुन्या साडीची पट्टी गाठ मारून बांधते आणि मगच तांडेलाच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्याच्या, हाती देते. तो कॅन परतीसाठी, अडल्यावेळी. गाठ न सोडता कॅन परत आणणं ही तांडेलाची शान. गाठ सुटलेला कॅन उतरला की अख्खा धक्का बघतो आणि कोणाचा हिशोब चुकला ते विचारतो. ताईने सासऱ्यांसाठी, दिरांसाठी किती गाठी मारल्या असतील याची गणती नाही. नवरा जहाजावर, तेव्हा त्याच्यासाठी मारायची वेळच आली नाही.

आता टाकीकडे येतो. होडीची जुनी टाकी गंजून चाळण झाली होती. नवी करायची तर किती लिटरची, हा प्रश्न होता. मी माझ्या धंद्याच्या डोक्याने चाललो. भाऊबीजेला ताईकडे जेवायला गेलो तेव्हा खिशात कागद होता. ताटं वाढली होती, भाऊजींचे भाऊ, त्यांची मुलं, सुना, सगळं घर पंगतीला होतं. मी कागद काढून वाचून दाखवला. दीव इथून दोनशे किलोमीटर. इंजिनाचं ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटर धरू. म्हणजे एवढे लिटर, वर थोडे.

भाऊजींनी हातातली पुरी खाली ठेवली. “मेहुणे,” ते म्हणाले, “समोरून पाण्याची ओढ असली तर होडी इंजिन चालू ठेवून जागेवर उभी राहते. मग ॲव्हरेज किती पडतं? आणि मैलाचे दगड कुठे लावलेत दर्यात?”

सगळी पंगत हसली. मुलं हसली, वाढणाऱ्या सुना हसल्या, एकाला ठसका लागला. ट्रकवाल्याने समुद्रात ॲव्हरेज काढलं, ही गोष्ट त्या दिवाळीत घरोघर फिरली. दोन महिन्यांनी सायवनला मावशीच्या नातवाच्या लग्नात गेलो तर तिथली पोरं मला ‘ॲव्हरेजमामा’ म्हणत होती. सायवनला समुद्र नाही, खाडी नाही, पण माझी फजिती तिथे माझ्या आधी पोचली होती.

चूक माझीच होती, आणि तेच जास्त झोंबलं. ज्याच्यावर राग आहे तो माणूस बरोबर असला की राग दुप्पट होतो. भाऊजींनी त्याच पंगतीत निकालही देऊन टाकला होता. चाळीस लिटर पुष्कळ झाले. शिडाच्या होडीला मोठी टाकी म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने कमरेला ट्यूब बांधणं. वजन वाढतं, आणि अर्धी भरलेली टाकी पावसाळ्यात आतून घाम धरते, पाणी तळाला बसतं, डिझेलात शेवाळ्यासारखा गाळ होतो. हेही खोटं नव्हतं. असलं पाणी मी शेकडो टाक्यांतून काढलं आहे.

मग मी हिशोब मुळापासून शिकलो. होडी धक्क्याला घट्ट बांधली, टाकीचा पाइप काढून इंजिनाला मापाच्या बाटलीतून डिझेल दिलं आणि घड्याळ लावून बसलो. आरामात चालवलं तर तासाला दोन लिटरला जरा कमी, आणि पूर्ण रेस दिली तर चाराच्या जवळ. नंतर खाडीबाहेर नेऊन वेगही पाहिला. दुप्पट डिझेल जाळून होडी ताशी जेमतेम एक मैल जास्त पळत होती. ही शेवटची गोष्ट मी नीट लक्षात ठेवली.

धक्क्यावर एक म्हातारा तांडेल जाळी विणत बसायचा. त्याला विचारलं तर त्याने मान वर न करता सांगितलं, “दर्यात डिझेल तीन वाटचा घ्यायचा. जायाचा, यायाचा, नि थांबायाचा. थांबायाचा कोन घेत नाय, नि मंग तोच लागतो.”

दीवला डिझेल मिळतं, म्हणून यायचं सोडून दिलं. वारा मुळीच नाही असं धरलं तर जायला वीसएक तास, म्हणजे चाळीस लिटर. पाणी उलटं असेल, थांबावं लागेल, भलतीकडे वाहत गेलो तर परत यावं लागेल, त्याचे आणखी चाळीस. आणि दहा लिटर टाकीचे स्वतःचे, कारण होडी डोलते, एका कुशीवर कलते, तळातलं डिझेल इकडून तिकडे पळतं आणि इंजिनाला हवा ओढायला लावतं. ट्रक घाटात तिरका उभा राहिला की हेच होतं, ते मला कुणी शिकवायला नको होतं. एकूण नव्वद. मागच्या बाकाखाली नव्वदची टाकी बरोबर बसत होती, पुठ्ठा कापून मी माप घेतलं होतं. तो पुठ्ठा मी मुद्दाम भाऊजींना दाखवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, परत दिला, आणि त्यांना पटलं असं मला वाटलं.

नारळीपौर्णिमेला खाडीतल्या होड्यांची पूजा असते. मी सकाळी अच्छाडहून पोचलो तर माझ्या होडीवर गर्दी. मागच्या बाकाखाली नवी कोरी, चकचकीत स्टीलची टाकी बसवलेली, तिला हळदकुंकू लावलेलं, हार घातलेला. बाजूला भाऊजी हात मागे बांधून उभे. आमच्याकडून होडीला भेट, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. टाकी चाळीस लिटरची होती.

बहिणीच्या घरचं घेऊ नये असं आमच्यात मानतात, पण ती अडचण लहान होती. मोठी अडचण खाडीची. पौर्णिमेला कुंकू लावून होडीवर चढवलेली वस्तू पुढच्या पावसाळ्यापर्यंत उतरवत नाहीत. उतरवली तर होडीचा अपमान. भाऊजींना हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. मी त्यांच्या पाया पडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाकलो तेव्हाच मी ठरवलं की ही टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत कोरडी करायची.

बेत साधा होता. दसऱ्यानंतर दीवला जायचं ठरलं होतं, ताई येणारच होती. मी भाऊजींनाही आग्रह केला. तुमच्यासारखा माणूस बरोबर असला की धीर राहील, असं म्हणालो. खोटं बोलताना मी फार गोड बोलतो. ते लगेच तयार झाले. भर समुद्रात टाकी संपली की होडीवर एकच डिझेल उरेल, ते म्हणजे ताईचा घरचा कॅन. त्याची गाठ भाऊजींनी आपल्या हाताने सोडायची. मग परत आल्यावर सुटलेली गाठ सगळी खाडी बघेल, आणि हिशोब कोणाचा चुकला ते त्यांना धक्क्यावर उभं राहून सांगावं लागेल. मला तेवढं एकच वाक्य ऐकायचं होतं. मी काही वेडा नाही, जिवाशी खेळणार नव्हतो. निघायच्या आदल्या दिवशी वीस वीस लिटरचे दोन कॅन भरले आणि मागच्या कप्प्यात जुन्या दोरांच्या खाली ठेवले. ते कुणाला सांगितलं नाही.

निघताना ताईने वीसचा कॅन भरून आणला. हिरव्या साडीची पट्टी, दुहेरी गाठ. भाऊजी हसले की अगं, तूच होडीवर येतेयस, मग घरचा कॅन कोणाच्या घरचा? ती म्हणाली, “मी नसले तरी घर आहेच की.” कॅन तिने डोलकाठीच्या बुंध्याशी, सगळ्यांना दिसेल असा बांधला.

भरतीच्या पाण्यावर आम्ही खाडीबाहेर पडलो. ताई पुढे नाळेपाशी बसली, पदर कमरेला खोचून. मागे डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी लहान लहान होत गेली. तिच्या डोक्यावर वर्षानुवर्षं उभी असलेली ती चिमणी बोटाएवढी झाली तेव्हा ती मागे वळून बघत हसली. इतक्या मोकळेपणी हसताना मी तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं. तिने पाण्यात हात घालून ओला हात तोंडावरून फिरवला. मी सुकाणूवर होतो, आणि माझं लक्ष रेसच्या दांड्यावर होतं.

कारण मी इंजिन पूर्ण रेसवर ठेवलं होतं. भाऊजी दोनदा म्हणाले की जरा कमी कर. मी विचारलं, “का? चाळीस पुष्कळ आहेत ना?” चार तासांत सोळा लिटर जाळले. मग वारा आला, इंजिन बंद करून शीड चढवलं, होडी कलून छान पळू लागली. भाऊजींच्या चेहऱ्यावर आलं की बघ, म्हटलं नव्हतं? मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ताई गाणं गुणगुणत होती.

पहाटे वारा पडला. पडला म्हणजे शिडाचं कापड मेलं. ऑक्टोबरातलं ऊन सकाळी आठलाच चटके देऊ लागलं. रात्री वारा मंद होता आणि भरतीच्या ओढीने आम्हाला वाट सोडून खंभातच्या आखाताकडे ढकललं होतं. मी इंजिन लावलं, परत पूर्ण रेस. अकराच्या सुमाराला ते खोकलं, एकदा उसळलं आणि थांबलं. सगळीकडे एकदम शांत झालं. फक्त कुठूनतरी लांबून येणारी लाट होडीला आडवी घेऊन कुशीवरून कुशीवर लोळवत होती.

“फिल्टर असेल,” भाऊजी म्हणाले.

असेल, मी म्हणालो, तुम्हीच बघा, इंजिन तुमचा विषय. ते आत उतरले. फिल्टर उघडला, पाइप सोडले, हवा काढली, परत लावलं. इंजिन दोन फेरे फिरलं आणि पुन्हा हवा ओढून मेलं. अर्धा तास त्या तापलेल्या कप्प्यात ते खपत होते. शर्ट अंगाला चिकटला, हात कोपरापर्यंत काळे झाले. मी वर बसून बघत होतो आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. शेवटी त्यांनी टाकीत काठी टाकली. तळाला दोन बोटं ओल. ते डिझेल होतं, पण लोळणाऱ्या होडीत ते पाइपाच्या तोंडाशी ठरत नव्हतं. काठी पुसून त्यांनी परत जागेवर ठेवली.

मी डोलकाठीकडे बोट दाखवलं. “सोडा ना गाठ. टाकी तुमची, गाठ तुम्हीच सोडा.”

“वारा येईल,” ते म्हणाले. “दोन वाजता येतोच.”

तोवर ताईला होडी लागली होती. चालत्या होडीत तिला काही झालं नव्हतं, पण उभ्या होडीच्या लोळण्याने तिचं पोट ढवळून काढलं. आधी सकाळचा चहा गेला, मग पाणी, मग नुसतं पिवळं. लिंबूपाणी दिलं तेही टिकेना. ती शिडाच्या बारीकशा सावलीत कुशीवर पडली होती आणि सावली होडीबरोबर सरकत होती. एकदा डोळे उघडून ती म्हणाली की सोडा कोणीतरी ती गाठ. भाऊजी क्षितिजाकडे बघत राहिले. चीफच्या टाकीपायी घरच्या कॅनची गाठ सुटली, हे त्यांना खाडीत ऐकायचं नव्हतं. आणि मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

दोन वाजले, वारा आला नाही. मी घड्याळ बघत होतो. अकरा ते तीन, चार तास. तासांच्या हिशोबात आता मला कुणी हसणार नव्हतं. कोणत्याही क्षणी उठून मागचा कप्पा उघडता आला असता, दहा मिनिटांत होडी चालू झाली असती. माझ्या मनात ते येत होतं. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायचो, अजून जरासं, आता मोडतोय. खरंच ते मोडायला आले होते. एकदा उठून डोलकाठीपर्यंत गेले, गाठीला हात लावला आणि परत येऊन बसले. मी त्या हातावर नजर ठेवून होतो. आपल्यापासून पाच पावलांवर कोण पडलंय हे मी विसरलो होतो.

तीनच्या पुढे ताई उठली. डोक्यावर बांधायला काही कापड मिळतंय का बघायला ती हातापायावर रांगत मागे गेली. मी म्हणालो, थांब, मी देतो. तोवर तिने कप्पा उघडून वरचे दोर बाजूला ओढले होते.

तिने आधी एका कॅनचं झाकण फिरवून वास घेतला. मग दुसऱ्याचं. मग माझ्याकडे वळली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“हे केव्हापासून आहेत इथे?”

“निघाल्यापासून.”

भाऊजींनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, माझ्याकडे बेचाळीस वर्षांची उत्तरं तयार होती. ते नुसते खाली बसले.

ताई माझ्या कॅनना हात न लावता रांगत डोलकाठीपाशी गेली. दुहेरी गाठ बोटांनी सुटेना, म्हणून तिने दात लावले. पट्टी सुटली ती तिने कमरेला खोचली. भाऊजींना नरसाळं धरायला सांगितलं आणि कॅन स्वतः ओतला. भाऊजींनी पुन्हा हवा काढली, इंजिन लागलं. मी होडीचं तोंड दीवच्या दिशेला वळवलं. एवढं डिझेल जाळूनही भलतीकडे वाहत गेल्यामुळे आम्ही साधारण अर्ध्या वाटेवर होतो, दोन्हीकडे सारखंच अंतर होतं.

“तिकडे नाही,” ती म्हणाली. “घरचा कॅन घरी जायला असतो.”

मी म्हणालो, ताई, माझ्याकडे चाळीस लिटर आहेत, उद्या सकाळी किल्ला दिसेल. तिने ऐकलं नाही असं दाखवलंही नाही. ऐकलं, आणि मान फिरवली. मी होडी फिरवली.

पाच वाजता वारा आला. मागून, भरभरून, घरी जायला जसा हवा तसा. इंजिन बंद केलं. कॅनमधलं निम्मं डिझेलही लागलं नाही. ताई आतल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून पडून होती, चिमणी परत मोठी होताना बघायला ती वर आली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला आम्ही धक्क्याला लागलो. म्हाताऱ्या तांडेलाने दोर झेलला. लगेच त्याची नजर डोलकाठीच्या बुंध्याशी गेली. पट्टी नव्हती. आजूबाजूच्या होड्यांवरची माणसंही थांबली.

“कोनाचा हिसोब चुकला?” त्याने विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती, कप्प्यातल्या दोन कॅनविषयी, तर त्या खाडीत मला परत पाय ठेवता आला नसता. तिने चपला हातात घेतल्या आणि धक्क्यावर उतरली. उत्तर भाऊजींनी दिलं, हात मागे न बांधता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“माझा चुकला. टाकी मी दिली, चाळीसची. याने नव्वद सांगितले होते. याचं बरोबर होतं.”

हेच वाक्य. बेचाळीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते, शब्दाने शब्द, चारचौघांत, भर धक्क्यावर. तांडेलाने मान डोलावली, कुणीतरी हसलं, आणि ते हसणं या वेळी भाऊजींवर होतं. मला मात्र हसता आलं नाही. कारण आता मला तोंडच उरलं नव्हतं. त्यांनी मला वाचवलं आणि वाचवून कायमचं दाबलं. होडीतून उतरताना ते माझ्या कानाशी एवढंच म्हणाले, “बास ना आता?”

पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं तर ताईबद्दल झाला, अजून होतो, तिची ती दातांनी सोडलेली गाठ मला ताटावर बसलो तरी दिसते. भाऊजींबद्दल नाही झाला. त्यांच्यावर मी अजून चिडलेला आहे. माझा सूडसुद्धा त्यांनीच पुरा केला, माझ्या हाताने मला करू दिला नाही.

त्या भाऊबीजेला ताईने मला ओवाळलं, जेवायला वाढलं, पुरी गरम आहे की नाही ते विचारलं. दीवचं नाव कुणी काढलं नाही. पोरं मला ‘ॲव्हरेजमामा’ म्हणायची बंद झाली होती. आता ती भाऊजींना ‘चाळीस’ म्हणून चिडवायची, आणि ते हसून सोडून द्यायचे.

पावसाळा आला तेव्हा खाडीच्या रीतीप्रमाणे मी ती टाकी उतरवली. पुठ्ठ्याच्या मापाने नव्वदची नवी करून घेतली, आत दोन पडदे टाकून, म्हणजे होडी कितीही लोळली तरी डिझेल पाइपाच्या तोंडाशी राहावं. काम इतकं चोख झालं की भाऊजींनी स्वतः येऊन आत हात घालून पाहिलं आणि छान आहे म्हणाले. चाळीसची टाकी माझ्या पडवीत पडून आहे, ती विकवत नाही. नारळीपौर्णिमेला नव्या टाकीला हळदकुंकू लावलं. पहिल्या फेरीच्या दिवशी सकाळी मी रिकामा कॅन घेऊन ताईच्या दारात गेलो. ती बोंबील उलटवत होती. मी म्हणालो, भरून दे, गाठ मारून दे, आणि या वेळी तूही चल, या वेळी दीवपर्यंत नेतो. तिने हातातली ओळ उलटवून पुरी केली. मग कॅनकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तुझे आहेत ना दोन, दोरांच्या खाली.”